दातातली पोस्ट चिकटते कशी, आणि सुटते का

आरसीटी, म्हणजे रूट कॅनल, झाली, ठणका थांबला, आता कॅप बसली की सुटलो, असं डोक्यात असतं आणि मधेच डॉक्टर म्हणतात, "पोस्ट टाकावी लागेल." मग प्रश्न सुरू होतात. स्क्रू का? रॉड का? पिन का? आणि त्याचे वेगळे पैसे का? इथे ठाण्यात माझ्या क्लिनिकमध्ये हे रोजचं आहे, आणि तोंड उघडं ठेवून खुर्चीवर बसलेल्या माणसाला धड समजावून सांगताही येत नाही, म्हणून आज नीट बसून लिहितेय. बघायला विषय एवढासा आहे, एक-दीड मिलिमीटर जाडीची काडी दाताच्या मुळात चिकटवायची, पण माझ्या मते आमच्या कामातलं सगळ्यात अवघड चिकटवणं हेच. आणि ते अवघड का आहे हे एकदा कळलं की डॉक्टर एवढा वेळ का घेतात, रबरचा पडदा का लावतात, "गणपती झाले की बघू" म्हटल्यावर चेहरा का पाडतात, हे सगळं आपोआप कळतं.

आधी पोस्ट असते कशासाठी ते बघू, कारण इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बऱ्याच जणांना वाटतं पोस्ट टाकली की दात मजबूत होतो, जसं काय आत सळई घातली. तसं नाहीये. पूर्वी डॉक्टरांनाही असंच वाटायचं, पण आता आम्हाला शिकवतात ते उलटंच. पोस्टचं काम एकच, दाताचा वरचा भाग मोडून गेला असेल आणि कॅप बसवायला खाली काहीच उरलं नसेल तर नवा उभारलेला भाग, आम्ही त्याला कोअर म्हणतो, तो धरून ठेवायचा. कोअर धरायला दातात पुरेसा भाग शिल्लक असेल तर पोस्टची गरजच नाही. म्हणून दाढांना पोस्ट सहसा लागत नाही, दाढेच्या पोटात मोठी पोकळी असते, त्यातच कोअर बसतो. पोस्ट लागते ती मुख्यतः पुढच्या पटाशीच्या दातांना आणि कधीकधी उपदाढांना. उलट पोस्टसाठी मूळ आतून कोरायला लागलं तर दात अजून कमकुवतच होतो, त्यामुळे "टाकून ठेवा ना डॉक्टर, सेफ राहील" हे मी ऐकते पण करत नाही.

आणि आरसीटी झालेला दात सुकून ठिसूळ होतो हेही जितकं मानतात तितकं खरं नाही. तो मोडतो कारण त्याचं मांस, म्हणजे त्याचा कठीण भाग, किडीने आणि आधीच्या मोठ्या फिलिंगांनी खाल्लेला असतो. १९८९ साली उपदाढांवर एक अभ्यास झाला होता, अजून सगळे तो सांगतात. त्यात आरसीटीसाठी दाताला जे छिद्र पाडतात त्याने दाताचा ताठपणा फक्त ५ टक्क्यांच्या आसपास कमी झाला, पण दाताच्या दोन्ही बाजू आणि वरचा भाग मिळून मोठी पोकळी केली तेव्हा तो ६३ टक्के कमी झाला. म्हणजे दात मेला म्हणून मोडत नाही, उरलाच कमी म्हणून मोडतो.

यातूनच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निघते, जी पोस्टच्या मटेरियलपेक्षा आणि ब्रँडपेक्षा कितीतरी मोठी आहे. हिरडीच्या वर खऱ्या दाताची निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीची भिंत चहूबाजूंनी उरलेली पाहिजे, म्हणजे कॅपची कड त्या भिंतीला कवेत घेते. काठीचं टोक फुटू नये म्हणून त्याला शेंबी घालतात ना, अगदी तेच काम. याला आम्ही फेरूल म्हणतो. फेरूल असेल तर चावताना येणारा जोर कॅपमधून सरळ दातावर जातो आणि आत चिकटवलेल्या पोस्टला फारसं झुंजावं लागत नाही. फेरूल नसेल तर दर घासाला पोस्ट थोडी थोडी हलते आणि मग जगातलं भारीतलं भारी सिमेंट वापरा, ते आज ना उद्या सुटणार. काही वेळा हिरडी थोडी कापून किंवा तार लावून मूळ थोडं बाहेर ओढून फेरूल मिळवता येतो. तोही मिळणार नसेल तर पोस्ट टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, पेशंटला वाईट वाटलं तरी चालेल.

आता पोस्ट कुठली. दाताच्या मुळात धातूचा खुंटा घालून त्यावर दात बसवायची कल्पना जुनी, फ्रान्समधल्या पिएर फोशार या डॉक्टरने १७२८ सालच्या त्याच्या ग्रंथात ती लिहून ठेवली आहे. नंतर खूप वर्षं दाताचं माप घेऊन लॅबमध्ये ओतलेली धातूची पोस्ट चालायची, कास्ट पोस्ट, अजूनही चालते आणि योग्य जागी चांगलीच चालते. आपल्याकडे पितळेचे सोनेरी मुलाम्याचे आटे असलेले स्क्रू पण खूप वापरले गेले, पेशंट अजून "स्क्रू" म्हणतात ते त्यामुळेच. ते आटे मुळात फिरवून घट्ट बसवले की मुळावर आतून ताण येतो, मला ते पटत नाहीत. १९९० च्या सुमारास फ्रान्समधून कार्बन फायबरची पोस्ट आली, काळी कुळकुळीत, पुढच्या दातात कॅपमधून तिची सावली दिसायची, म्हणून मग पांढऱ्या, प्रकाश जाऊ देणाऱ्या ग्लास फायबरच्या आणि क्वार्ट्झ फायबरच्या आल्या. आज कोणी "फायबर पोस्ट" म्हणतं तेव्हा बहुतेक हीच.

फायबर का, तर वाकण्याचा हिशोब आहे. दाताचा आतला भाग, डेंटिन, त्याचा ताठपणा मोजतात तो १८ गिगापास्कलच्या आसपास येतो. स्टील २०० च्या आसपास, म्हणजे दहापटीहून ताठ. टायटॅनियम ११० च्या आसपास. ग्लास फायबर त्या मानाने डेंटिनच्या बरंच जवळ. ताठ वस्तू नरम वस्तूच्या आत बसवली आणि जोर आला की ताठ वस्तू वाकत नाही, सगळा ताण तिच्या टोकापाशी मुळावर जमा होतो, आणि एक दिवस मूळ उभं चिरतं. ते चिरलं की संपलं, दात काढायचाच. फायबर पोस्ट दाताबरोबर थोडी लवते, आणि बिघडली तर बहुतेक वेळा सुटून येते, मूळ शाबूत राहतं, पुन्हा बसवता येते. किती दात किती वर्षं टिकले एवढंच मोजलं तर दोन्ही प्रकारांत दर वेळी मोठा फरक दिसतो असं नाही, पण बिघडायची तऱ्हा वेगळी आहे आणि माझ्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे.

पण इथेच सौदा येतो. कास्ट पोस्ट अगदी मापाची असायची, ती नुसत्या साध्या सिमेंटने घट्ट बसायची. फायबर पोस्ट मात्र खरोखर चिकटवावी लागते, तिचा सगळा भरवसा चिकटण्यावर. आणि चिकटवायचं कुठे, तर मुळाच्या आत.

चिकटवणं म्हणजे दातात नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगते. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की दाताच्या वरच्या पांढऱ्या थराला, इनॅमलला, फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून धुतलं की पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि त्यात रेझिन, म्हणजे नंतर कडक होणारा प्लास्टिकसारखा पदार्थ, घट्ट पकडतं. इनॅमलमध्ये वजनाने ९६ टक्के खनिज, त्यामुळे ते सोपं. डेंटिन वेगळं, त्यात खनिज ७० टक्के, बाकी कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी, शिवाय हजारो बारीक नलिका. ओल्या सजीव पदार्थाला चिकटवणं कोणाला जमेना. जपानमध्ये फुसायामा यांनी १९७९ मध्ये डेंटिनलाही अ‍ॅसिड लावायचं धाडस केलं, आणि १९८२ मध्ये नाकाबायाशी यांनी दाखवलं की अ‍ॅसिडने खनिज निघून गेलं की कोलॅजनचे उघडे तंतू उरतात, त्यांच्यामधे रेझिन झिरपतं आणि तिथेच कडक होतं, म्हणजे अर्धा दात अर्धं रेझिन असा काही मायक्रॉन जाडीचा मिश्र थर तयार होतो. त्याला हायब्रिड लेयर म्हणतात. आजचं सगळं डेंटल बाँडिंग या एवढ्याशा थरावर उभं आहे.

हा थर नीट व्हायला एक अट आहे, कोलॅजनचे तंतू ओलसर पाहिजेत, ओले नाहीत आणि सुकेही नाहीत. सुकवले तर ते एकमेकांवर चिकटून बसतात आणि रेझिनला आत शिरायला जागाच राहत नाही. फार ओले ठेवले तर रेझिन पाण्यात पातळ होतं आणि थरात पाण्याचे थेंब अडकतात. समोरच्या दाताच्या पृष्ठभागावर हे डोळ्याने बघून जमवता येतं, चमक दिसते. मुळाच्या आत? वरच्या पटाशीच्या दाताचं मूळ सरासरी १३ मिलिमीटर, त्यातले टोकाकडचे ४-५ मिलिमीटर आरसीटीचं भरण तसंच ठेवायचं कारण तेच जंतूंना अडवतं, राहिले ८-९ मिलिमीटर. एवढ्या अरुंद अंधाऱ्या जागेत तळाला किती ओलावा आहे हे कोण बघणार. हवेचा फवारा मारून उपयोग नाही, वरचं सुकतं आणि तळाला पाणी साचून राहतं, म्हणून कागदाच्या बारीक काड्या, पेपर पॉइंट, एकामागून एक घालायच्या आणि शेवटची काडी जवळपास कोरडी येईल तिथे थांबायचं. हे हाताला आणि डोळ्याला सवयीनेच कळतं.

आता मला या विषयात सगळ्यात जास्त खटकणारी आणि म्हणूनच सगळ्यात रोचक वाटणारी गोष्ट. ज्या औषधांमुळे आरसीटी यशस्वी होते, नेमकी तीच औषधं पोस्ट चिकटायच्या आड येतात.

पहिलं औषध सोडियम हायपोक्लोराइट. घरात कपड्यांना वापरतात त्या ब्लीचमध्ये असतं तेच, आम्ही ते अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतो. ते जंतू मारतं, सडलेला मांसल भाग विरघळवतं, त्याला पर्याय नाही, आणि आरसीटीत ते कमी वापरा असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते कोलॅजनलाही सोडत नाही, आणि विघटन होताना त्यातून ऑक्सिजन सुटतो जो डेंटिनमध्ये मुरून बसतो. रेझिन कडक होतं ते फ्री रॅडिकल नावाच्या, चटकन जोडले जाणाऱ्या कणांच्या साखळीने, आणि ऑक्सिजन ती साखळी मधेच तोडतो. म्हणजे हायपोक्लोराइटने धुऊन लगेच पोस्ट चिकटवली तर सिमेंटचा नेमका दाताला टेकलेला थर कच्चा राहतो. त्यावर उपाय सापडला तो मजेशीर आहे, सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे व्हिटॅमिन सीचं मीठ, त्याच्या १० टक्के द्रावणाने धुतलं की ऑक्सिजनचा परिणाम बराचसा उलटतो असं प्रयोगांत दिसलं. रोजच्या प्रॅक्टिसमध्ये सगळेच ते वापरतात असं नाही, पण निदान पोस्टच्या जागेला शेवटचा हात हायपोक्लोराइटचा नको, शेवटी ईडीटीए, म्हणजे भिंतीवरचा खनिजाचा भुसा विरघळवणारं द्रावण, आणि मग भरपूर पाणी, एवढं पाळलं तरी खूप फरक पडतो.

दुसरं युजेनॉल. दात दुखला की आपल्याकडे आजीपासून सगळे लवंग धरायला सांगतात, त्या लवंगेच्या तेलातलं मुख्य रसायन हेच. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल मिळून एक छान शामक, जंतूंना मारणारं सिमेंट होतं, अनेक वर्षं मुळं भरायला ते वापरलं गेलं आणि अजूनही स्वस्त आणि भरवशाचं म्हणून वापरतात, तात्पुरत्या फिलिंगमध्येही असतं. पण युजेनॉलसुद्धा फ्री रॅडिकल शोषून घेतं, परत तोच घोळ, रेझिन कडक होत नाही. म्हणून पुढे फायबर पोस्ट लागणार हे आधीच दिसत असेल तर आरसीटी भरतानाच युजेनॉल नसलेलं सीलर, म्हणजे मूळ भरायचं सिमेंट, निवडणं शहाणपणाचं. म्हणजे बघा, आरसीटी करणारा आणि पोस्ट टाकणारा डॉक्टर वेगवेगळे असतील, आणि आपल्याकडे तसं सर्रास असतं, आरसीटी बाहेरून येणारे स्पेशालिस्ट करतात आणि कॅप आपले नेहमीचे डॉक्टर, तर दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं. पेशंटनेही विचारायला काही हरकत नाही, "पोस्ट लागणार आहे का हे आधी ठरवलंय का?" एवढंच.

तिसरं म्हणजे गटापर्चा. मुळात भरतात तो गुलाबी रबरासारखा पदार्थ, आग्नेय आशियातल्या एका झाडाच्या चिकापासून येतो. पोस्टसाठी जागा करताना तो गरम उपकरणाने किंवा ड्रिलने काढतात, आणि ड्रिल फिरताना घर्षणाच्या उष्णतेने तो मऊ होऊन सीलर आणि डेंटिनच्या भुश्यासकट भिंतीवर चोपडला जातो. वरून बघितलं तर जागा स्वच्छ वाटते, एक्स-रेतही छान दिसते. पण भिंतीवर तो गुलाबी थर असेल तिथे अ‍ॅसिड पोचत नाही, रेझिन पोचत नाही, काहीच चिकटत नाही, सिमेंट गटापर्चाला चिकटतं आणि गटापर्चा कशालाच नाही. माझ्या मते पोस्ट सुटायचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हे. इथे लूप्स, म्हणजे चष्म्यावरची भिंगं, किंवा मायक्रोस्कोप हवाच, भिंती बघून बघून, बारीक ब्रशने, अल्ट्रासॉनिकने घासून, ईडीटीएने धुऊन साफ करायच्या. या पायरीला मी कधीच घाई करत नाही, खरं तर तुमचा निम्मा वेळ इथेच जातो.

एवढं सगळं जमलं तरी भूमिती उरतेच. रेझिन सिमेंट कडक होताना थोडं आक्रसतं, आकारमानाने २-३ टक्के तरी. साध्या फिलिंगमध्ये एक बाजू मोकळी असते, सिमेंट तिकडून थोडं खाली बसतं आणि ताण निघून जातो. चिकटलेला पृष्ठभाग भागिले मोकळा पृष्ठभाग असं एक गुणोत्तर १९८७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या संशोधकांनी मांडलं, त्याला सी-फॅक्टर म्हणतात. पाच भिंतींची पोकळी, एक बाजू उघडी, तर सी-फॅक्टर ५, आणि तेही जास्तच मानतात. मुळात पोस्ट चिकटवताना हाच आकडा हिशोबाने २०० च्या वर जातो, कारण सगळीकडे भिंतच भिंत आणि वर मोकळं तोंड जेमतेम एका रेघेएवढं. म्हणजे सिमेंट आक्रसताना सगळ्या बाजूंनी ओढतं आणि कुठेतरी भिंतीपासून सुटतंच. म्हणून मुळाच्या आत शंभर टक्के अखंड चिकटलेला जोड ही कल्पनाच सोडून द्यायला हवी. कॉलेजांत पोस्ट बसवलेलं मूळ आडवं कापून एक एक मिलिमीटरच्या चकत्या करतात आणि मधला पोस्टचा तुकडा ढकलून काढायला किती जोर लागतो ते मोजतात, आणि अशा चाचण्या करणाऱ्या काही संशोधकांचं म्हणणं आहे की फायबर पोस्टची बरीचशी पकड रासायनिक नसून नुसत्या घर्षणाची असते. मला हे वाचून निराशा वाटली नाही, उलट एक गोष्ट स्पष्ट झाली, पोस्ट जितकी जागेत नेटकी बसेल, सिमेंटचा थर जितका पातळ आणि बुडबुडे जितके कमी, तितकं बरं. उपदाढांची मुळं आतून अंडाकृती असतात आणि पोस्ट गोल, मग बाजूला सिमेंटचे जाड पट्टे उरतात, अशा वेळी पोस्टवर थोडं काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंगचं मटेरियल, चढवून त्या मुळाच्या आकाराची करून घेतात, वेळ लागतो पण फरक पडतो.

राहिला प्रकाश. दातांचं फिलिंग निळ्या लाइटने कडक करतात ते सगळ्यांनी बघितलंय. तो निळा प्रकाश आठ मिलिमीटर खाली किती पोचणार? फायबर पोस्ट प्रकाश जाऊ देते म्हणून जाहिरात असते, थोडा जातोही, पण तळापर्यंत जाताजाता फारच कमी उरतो. म्हणून दुहेरी पद्धतीने कडक होणारं सिमेंट लागतं, लाइटनेही आणि दोन पेस्ट मिसळल्यावर आपलं आपणही. यात एक खाच आहे जी आम्हालाही कॉलेज सुटल्यावर परत परत वाचायला लागते, काही एका बाटलीतले बाँडिंग एजंट इतके आम्लधर्मी असतात की ते या आपोआप कडक होणाऱ्या सिमेंटमधलं अमाइन, म्हणजे कडक व्हायची सुरुवात करून देणारं रसायन, निकामी करतात, आणि जिथे लाइट पोचत नाही तिथे सिमेंट कच्चं राहतं. म्हणजे एका कंपनीचं बाँड आणि दुसऱ्या कंपनीचं सिमेंट, दोन्ही उत्तम, पण एकत्र वाईट. २००२ च्या सुमारास सेल्फ-अ‍ॅडहेसिव्ह सिमेंटं आली, त्यांना वेगळं अ‍ॅसिड नको, वेगळं बाँड नको, स्वतःच डेंटिनला धरतात. प्रयोगशाळेत वेगवेगळे आकडे येतात, पण मुळाच्या आत पायऱ्या जितक्या कमी तितक्या चुकायच्या जागा कमी, म्हणून बहुतेक केसेसमध्ये माझी पसंती यांनाच.

सिमेंट भरायचं ते लांब बारीक नळीने तळापासून वर, नळीचं तोंड सिमेंटमध्ये बुडालेलंच ठेवून, नाहीतर मधे हवा अडकते. पोस्ट आधी अल्कोहोलने पुसायची, त्यानंतर तिला हात लावायचा नाही, लाळ तर अजिबात नाही. काही जण पोस्टला सायलेन नावाचं काच आणि रेझिन जोडणारं द्रव्य लावतात, ते उघड्या काचेच्या तंतूंना धरतं, पण पोस्टचा बाकीचा भाग एपॉक्सीचा असतो आणि त्याला आमचं सिमेंट फारसं धरत नाही, त्यामुळे तुमच्या पोस्टला सायलेन लागतं की नाही ते त्या कंपनीची चिठ्ठी वाचून ठरवावं. फायबर पोस्ट कापायची तर डायमंड बरने पाण्याखाली, पकडीने चिमटून कधीच नाही, तंतू चिरडतात. आणि लाइट मारून झाला की लगेच कोअर घासायला घ्यायचा नाही, तळातलं सिमेंट लाइटशिवाय घट्ट व्हायला ५-६ मिनिटं घेतं, प्रॉडक्टप्रमाणे थोडं मागेपुढे. त्या वेळात पेशंटला वाटतं डॉक्टर काहीच करत नाहीयेत.

एकदा नौपाड्यातल्या एक काकू म्हणाल्या, "डॉक्टर, तो रबरचा पडदा नको हो, गुदमरल्यासारखं होतं." मी म्हटलं, "काकू, पाच मिनिटं नाकाने श्वास घ्या, सवय होते, पण पडदा काढला तर तुमच्या श्वासाची वाफसुद्धा आत जाते आणि मग माझं चिकटवणं वाया." त्यांनी ऐकलं. रबर डॅम ही १८६४ पासूनची गोष्ट आहे, काही नवीन फॅड नाही, आणि पोस्ट चिकटवताना तो नसेल तर वर लिहिलेली सगळी काळजी निरर्थक ठरते, लाळेचा एक थेंब मुळात उतरला की झालं.

आणि वेळ. आरसीटी झाली, दुखणं बंद, मग पेशंट गायब. ऑफिस, लोकलची धावपळ, मुलांच्या परीक्षा, मग गणपती, मग दिवाळी. तोवर तात्पुरतं फिलिंग झिजतं, लाळ आत शिरते, आणि लाळेबरोबर जंतू गटापर्चाच्या कडेने मुळाच्या टोकाकडे सरकतात. तसं झालं असेल तर पोस्ट टाकण्याआधी आरसीटी परत करायला लागू शकते. त्यातून मधल्या काळात दाताची एखादी भिंत मोडली, जी आपली फेरूल होती, तर जो दात आज वाचला असता तो सहा महिन्यांनी काढायला लागतो. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण इथे ना डॉक्टरचं कसब कमी पडतं ना मटेरियल.

चिकटलेला जोड वर्षानुवर्षं तसाच राहतो असंही नाही. डेंटिनमध्येच काही एन्झाइम झोपलेली असतात, एमएमपी म्हणतात त्यांना, अ‍ॅसिडने ती जागी होतात आणि रेझिन जिथे पोचलं नाही तिथले कोलॅजनचे उघडे तंतू हळूहळू खातात. २ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावलं तर ती थंडावतात, म्हणून काही जण बाँडिंगच्या आधी ते लावतात. फक्त ते हायपोक्लोराइटला मिळू द्यायचं नाही, दोन्ही एकत्र आले की तपकिरी गाळ बसतो आणि भिंती परत घाण. पण परत सांगते, फेरूल चांगला असेल तर या हळूहळू होणाऱ्या झिजेचा दाताला सहसा पत्ता लागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर एवढा वेळ आणि सामान लागतं म्हणून क्लिनिकमध्ये ते महाग वाटतं, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी दात काढून टाकायच्या आधी एकदा डेंटल कॉलेजची ओपीडी गाठावी. आपल्या भागात तर सोयच आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम. तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह विभागात, म्हणजे फिलिंग-आरसीटीच्या विभागात, एमडीएस, म्हणजे पुढचं पदव्युत्तर शिक्षण, करणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली हेच काम करतात, फेऱ्या जास्त होतात, वेळ जास्त जातो, पण काम घाईचं नसतं आणि या कामाला घाई नसणं हीच मोठी गोष्ट. ठाण्याहून नेरूळला ट्रान्सहार्बर लोकल थेट जाते.

शेवटचं, कॅप बसल्यावर काय बघायचं. कॅप हलकीशी हलतेय असं वाटलं, चावताना त्या दातातून पाणी आल्यासारखं वाटलं, किंवा एका बाजूने सतत घाण चव येत राहिली तर दुखत नाही म्हणून थांबू नका. नस काढलेला दात दुखून सांगत नाही. पोस्ट सुटलेली असेल आणि कॅप अजून जागेवर असेल तर मधल्या फटीत कीड फार लवकर खाली जाते. पोस्टसकट कॅप हातात आली तर ती स्वच्छ धुऊन डबीत ठेवा आणि घेऊन या, दुकानात मिळणारं झटपट चिकटवायचं लावून घरी बसवू नका, ते मुळाच्या भिंतीवर कडक होऊन बसतं आणि काढताना चांगला दात जातो. एक दोन दिवसांत आलात, मूळ चिरलेलं नसेल, कीड नसेल आणि ती भिंत शाबूत असेल तर बहुतेक वेळा सगळं साफ करून पुन्हा चिकटवता येतं. येताना जुने एक्स-रे असतील तर तेही आणा, मुळात किती गटापर्चा शिल्लक आहे ते आम्हाला आधी बघायला लागतं.